मुक्काम उतरत्या वाटेच्या पायथ्याशी असावा

प्रति,
मा. संपादक,
यांस सप्रेम नमस्कार.

विषय : भंडारदरा परिसरातील शरद ऋतूतल्या डोंगरभटकंतीसाठी मुक्कामाची निवड

महोदय,

पाऊस ओसरू लागला की आपल्या पुरवणीत दरवर्षी सह्याद्रीतल्या भटकंतीवर मजकूर येतो, आणि तो आवडीने वाचणाऱ्यांपैकी मी एक आहे. यंदाच्या मजकुरात भंडारदरा परिसरात कोठे उतरावे याची माहिती होती. तलावाकाठची हॉटेले, तंबूंची ठिकाणे, कोणत्या खोलीच्या खिडकीतून पाणी दिसते, हे सारे त्यात व्यवस्थित आले होते. मात्र ज्याला तेथे जाऊन डोंगर चढायचा आहे, त्याला या माहितीचा उपयोग थोडा आणि घोटाळा अधिक होण्याचा संभव आहे, असे मला वाटते. तलाव पाहण्यासाठी राहणे आणि रतनगडावर किंवा कळसूबाईवर जाण्यासाठी राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दसरा ते दिवाळी या काळात तो फरक अधिकच जाणवतो. म्हणून हे पत्र.

अकोले तालुक्याचा हा पश्चिम कोपरा ज्यांच्या डोळ्यांसमोर नाही, त्यांच्यासाठी थोडी भूगोलाची उजळणी करतो. प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत शेंडी गावापाशी येते. तेथे १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरे झालेले भंडारदरा धरण आहे. या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. उत्तर काठाने गेल्यास मुरशेत, पांजरे, उडदावणे ही गावे लागतात आणि घाटघर येते. दक्षिण काठाने गेल्यास मुतखेल, कोलटेंभे मागे टाकत रतनवाडी आणि पुढे साम्रद लागते. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मात्र या वळशावर नाही, ते घोटीकडून शेंडीकडे येणाऱ्या रस्त्यावर आहे. बहुतेक हॉटेले शेंडीत किंवा तिच्या आसपास आहेत, आणि गडांच्या वाटा शेंडीतून निघत नाहीत. खरी अडचण येथेच सुरू होते.

शेंडीहून रतनवाडी साधारण वीस किलोमीटर आहे. कागदावर हे अंतर किरकोळ वाटते. पण रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, पावसाळ्याने जागोजागी उखडलेला असतो, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या कडेला, काही ठिकाणी तर डांबरावरच, भात वाळत पडलेला असतो. हॉटेलात नाश्ता आठच्या सुमारास मिळतो. तो करून, सामान गाडीत टाकून निघेपर्यंत नऊ वाजतात, रतनवाडीला पोचून वाटाड्या शोधेपर्यंत दहा. तेथून गडावर जायला, आपल्यासारख्या शहरी माणसाला, तीन ते साडेतीन तास लागतात. म्हणजे दुपारी एकच्या सुमारास माणूस लोखंडी शिड्यांशी पोचतो. नेमक्या याच वेळी परतीच्या पावसाचे ढग कोकणाच्या बाजूने वर चढू लागतात. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरली जाते, पण ती सरासरी आहे. त्या तारखेच्या आगेमागे घाटमाथ्यावर दुपारनंतर विजांसह कोसळणारा पाऊस ही नित्याची गोष्ट आहे. सकाळी निळेभोर आकाश पाहून निघालेली मंडळी दुपारी उघड्या कड्यावर, लोखंडाला हात लावून उभी असतात, याचे कारण त्यांचा उत्साह कमी पडला हे नसून मुक्काम चुकीच्या ठिकाणी होता हे असते.

म्हणून या ऋतूत मुक्काम कोठे करावा याचा विचार मी दृश्यापासून सुरू करत नाही, आणि वाट कोठून चढते यापासूनही नाही. वाट कोठे उतरते, यापासून करतो. चढण सकाळी असते. तेव्हा अंगात जोर असतो, उजेड वाढत असतो, आणि पायथ्यापर्यंत जीप मिळवणे आदल्या रात्री ठरवता येते. उतरताना यातले काहीच आपल्या बाजूचे नसते. गुडघे बोलू लागलेले असतात, पाणी संपत आलेले असते, गटातला कोणी तरी मागे पडलेला असतो. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि महिनाअखेरीस सहा वाजून गेले की लगेचच. त्यातही रतनगड रतनवाडीच्या पश्चिमेकडे उभा असल्याने वाटेवरच्या जंगलातले ऊन त्याआधीच निघून जाते. अशा वेळी डोंगर उतरून पुन्हा गाडीची वाट पाहणे, आणि थकलेल्या चालकाने अंधारात तलावाकाठची वळणे घेणे, हे टाळता येण्यासारखे असताना का करावे?

याचे सर्वांत सोपे उदाहरण रतनगडाचेच आहे. गडावर जाण्याच्या दोन वाटा सर्वांच्या माहितीच्या आहेत. एक रतनवाडीहून प्रवरेच्या पात्राला कधी उजवीकडे, कधी डावीकडे ठेवत जंगलातून चढते आणि शेवटी शिड्यांवरून गणेश दरवाजाशी जाते. दुसरी साम्रदहून निघते आणि गड व त्याचा खुटा, म्हणजे शेजारचा सुळका, यांच्यामधल्या खिंडीतून, कातळात खोदलेल्या उंच पायऱ्यांनी त्र्यंबक दरवाजात पोचते. या पायऱ्या चढायला जितक्या सुंदर आहेत तितक्याच, ओल्या असताना, उतरायला वाईट आहेत. पावसाळ्यातले शेवाळ ऑक्टोबरच्या सुरुवातीला पूर्ण वाळलेले नसते, गवत कमरेएवढे असते, आणि एकेका पायरीची उंची पाहता वरून खाली पाऊल टाकताना ते नेमके कशावर पडते आहे, हे दिसत नाही. तेव्हा साम्रदकडून चढावे, माथ्यावर नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, बसून अलंग, मदन, कुलंग हे गड आणि कळसूबाई डोळे भरून पाहावी, आणि शिड्यांच्या वाटेने रतनवाडीला उतरावे, हाच क्रम शहाणपणाचा आहे. विश्रांती धरून हा सात-आठ तासांचा दिवस होतो. मग मुक्काम रतनवाडीत हवा हे ओघाने आलेच. पहाटे जीपने आठ-दहा किलोमीटरवरच्या साम्रदला जायचे, आणि दुपारी उतरायचे ते थेट आपल्या पथारीपाशी.

पुष्कळजण याच्या उलट करतात. ते मुक्काम साम्रदला करतात, कारण साम्रदला सांदण दरी आहे आणि तिची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. सांदण ही पाहण्यासारखी जागा आहे यात शंका नाही. पण दोन्ही बाजूंनी कातळाच्या उभ्या भिंती आणि मध्ये जेमतेम वाट अशी ती घळ आहे. वरच्या पठारावर सर आली की सारे पाणी तिच्यातूनच वाट काढते, आणि आत असलेल्या माणसाला बाजूला व्हायला जागा नसते. परतीचा पाऊस पूर्ण थांबेपर्यंत सांदणच्या भरवशावर मुक्काम ठरवणे मला योग्य वाटत नाही. ऑक्टोबरमध्ये तेथे गेलेल्यांना गावकरी 'दिवाळी होऊन जाऊ द्या, मग या' असे सांगतात. त्या सांगण्याचा राग न मानता ते ऐकावे.

रतनवाडीत राहण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. पायथ्याच्या गावातले यजमान सकाळी जे सांगतात, ते हॉटेलच्या स्वागतकक्षात बसलेल्या, बहुधा बाहेरगावाहून नोकरीला आलेल्या मुलाला ठाऊक असणे शक्य नसते. मला एक सकाळ चांगली आठवते. पडवीत चहा घेत असताना घरच्या आजोबांनी आमच्याकडे नव्हे, पायरीशी काढून ठेवलेल्या आमच्या बुटांकडे पाहिले, मग कान देऊन जरा वेळ ऐकल्यासारखे केले आणि म्हणाले, "रात्री वर पाणी झालंय. ओढ्याचा आवाज निराळा येतोय. नऊपर्यंत थांबा, मग निघा." अंगणात पावसाचा थेंब नव्हता. आम्ही थांबलो. रतनवाडीच्या वाटेवर ओढा किती तरी वेळा ओलांडावा लागतो. पहिल्याच ठिकाणी दगडांवर पाण्याची ताजी रेघ हातभर वर दिसत होती. हे ज्ञान मुक्कामाच्या भाड्यात मिळते, पण फक्त त्या गावात.

याच ऋतूतल्या एका अडचणीचा उल्लेखही आपल्या मजकुरात हवा होता. ऑक्टोबरच्या मध्यापासून या भागात भाताची कापणी सुरू होते. पाठोपाठ झोडणी, मग नाचणी आणि वरई. उतारांवर खुरासणी पिवळीजर्द फुललेली असते, ती पाहून आपण हरखतो, पण गावाच्या दृष्टीने ते वर्षभराचे धान्य घरात येण्याचे दिवस असतात. त्यामुळे आयत्या वेळी गेल्यास वाटाड्या मिळत नाही, मिळाला तर तो आपली मजुरी किंवा घरचे काम सोडून आलेला असतो. किमान आठ-दहा दिवस आधी फोन करून सांगावे आणि ठरवलेला दिवस बदलू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. खळ्याशेजारच्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत गाडी उभी करणे आणि छायाचित्रासाठी खाचरांच्या बांधांवरून चालणे, या दोन गोष्टींनी गावात किती कटुता येते हे शहरातल्या मंडळींच्या लक्षातही येत नाही. बांध सप्टेंबरनंतर भुसभुशीत झालेले असतात, ते पायाखाली ढासळतात.

घरगुती सोय म्हणजे गैरसोय, असा समज अजून आहे. अंथरूण जमिनीवर असते, आंघोळीचे पाणी चुलीवर तापते, मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, आणि वीज गेली तर ती कधी येईल हे कोणी सांगत नाही. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी शेंडीत राहावे, त्यात कमीपणा काही नाही. सोबत वृद्ध किंवा लहान मुले असतील, कोणाला नियमित औषधोपचार लागत असेल, किंवा भटकंती एखाद्याच दिवसाची आणि बाकीचे दिवस रंधा धबधबा, अमृतेश्वराचे देऊळ असे हिंडण्याचे असतील, तर शेंडीच बरी. तेथे दुकाने आहेत, एसटी मिळते, आणि राजूरला किंवा अकोल्याला जाणे सोपे पडते. माझा आक्षेप शेंडीला नाही. गडाच्या भटकंतीसाठी ती सर्वांत सोयीची आहे असे जे भासवले जाते, त्याला आहे.

आता कळसूबाईविषयी. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातले सर्वोच्च शिखर रतनवाडीच्या मुक्कामातून करण्याचा आग्रह धरू नये. पहाटे रतनवाडीहून निघून बारी गाठायची म्हणजे तलावाचा निम्मा वळसा आणि पुढचा रस्ता. पुन्हा तोच सकाळचा वेळ वाया. त्यापेक्षा रतनगड झाल्यावर, परतीच्या आदल्या रात्री बारीत येऊन राहावे. बारी घोटीच्या रस्त्यावरच असल्याने शिखरावरून उतरले की घरचा रस्ता समोरच असतो. उतरत्या वाटेचा नियम येथेही लागू होतो, फक्त येथे चढण्याची आणि उतरण्याची वाट एकच आहे. मात्र नवरात्रात बारीत मुक्काम शोधू नये. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत कळसूबाईच्या दर्शनाला पंचक्रोशीतून माणसे येतात, काही रात्रीच चढायला लागतात, आणि शिड्यांवर रांग असते. तो देवीचा काळ आहे, त्यात आपण पाठीवर पिशव्या घेऊन गर्दी वाढवू नये. ज्यांना ती यात्राच पाहायची आहे त्यांची गोष्ट वेगळी.

हरिश्चंद्रगड याच सहलीत 'उरकण्याचा' बेतही दरवर्षी कानावर येतो. नकाशात रतनगड आणि हरिश्चंद्रगड शेजारी दिसतात, आणि रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीने कुमशेतमार्गे पाचनईला जाणारी पायवाट आहे हेही खरे. ती वाट ज्यांच्या पायाखालची आहे त्यांनी, माहीतगार सोबत घेऊन, पाठीवर सामान बांधून जरूर जावे, पण त्यात एक मुक्काम धरून बसण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि ऑक्टोबरच्या गवतात ती वाट जागोजागी हरवते. बाकीच्यांनी हरिश्चंद्रगडासाठी वेगळी सहल आखावी आणि पाचनईत राहावे. तेथून वाट सर्वांत जवळची आहे. खिरेश्वरहून तोलार खिंडीने जाण्याची वाट रम्य आहे, परंतु लांब आहे, आणि शरदातल्या आखूड दिवसाला ती पुरत नाही. कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये ज्याची नोंद केली ते वर्तुळाकार इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाहण्याची इच्छा अनेकांना असते. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. इंद्रवज्र दिसायचे तर सूर्य आपल्या पाठीशी आणि धुके समोरच्या दरीत असावे लागते, म्हणजे तेथे सकाळीच हजर असायला हवे. पाचनईतून अंधार असतानाच निघणारा माणूसच त्या वेळेला तेथे पोचू शकतो. शेंडीहून गाडीने येणाऱ्याला दरीत फक्त ऊन पाहायला मिळते.

गडावरच, गुहेत राहावे असे सुचवणारेही आहेत. रतनगडावर गुहा आहे, ऑक्टोबरमध्ये टाक्यांना पाणीही भरपूर असते. पण ज्या गटात निम्मे नवखे आहेत त्यांना अंथरूण-पांघरूण आणि शिधा घेऊन शिड्या चढायला लावणे मला पटत नाही, आणि गुहेतल्या पिसवांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे ते तो विसरत नाहीत. शिवाय हा सारा भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. गडावर मुक्कामास त्या वेळी परवानगी आहे की नाही हे वन्यजीव विभागाच्या चौकीवर विचारूनच ठरवावे, समाजमाध्यमांवरच्या जुन्या छायाचित्रांवरून नव्हे.

शेवटी समृद्धी महामार्गाविषयी लिहिणे भाग आहे, कारण त्याने या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून मुंबई-ठाण्याहून इगतपुरी-घोटी फारच जवळ आली. त्यामुळे मुक्कामच नको, मध्यरात्री निघू, पहाटे चढू, संध्याकाळी घरी, असे बेत वाढले आहेत. काही गट इगतपुरीत हॉटेल घेतात आणि तेथून रोज रतनगड, कळसूबाई करू म्हणतात. कुलंगच्या बाजूला किंवा त्रिंगलवाडीच्या गडाला जाणाऱ्यांसाठी इगतपुरी ठीक आहे, रेल्वेने येणाऱ्यांना तर सोयीची. रतनगडासाठी मात्र ती फसवी आहे. महामार्गाने वाचवलेला तास घोटीपुढच्या रस्त्यावर आणि तलावाच्या वळशावर खर्च होतो. मुख्य म्हणजे रात्रभर न झोपलेला चालक दिवसभर डोंगर चढून पुन्हा रात्री स्टिअरिंगवर बसतो. डोंगरात अडकलेल्यांच्या मदतीला महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेले स्वयंसेवक धावून जातात, परतीच्या रस्त्यावर झोप लागलेल्या चालकाच्या मदतीला कोण जाणार?

या सगळ्याचा विचार करून माझी आपणास एक विनंती आहे. पुढच्या वेळी मुक्कामाच्या ठिकाणांची यादी छापताना प्रत्येक ठिकाणापुढे खोलीच्या भाड्याबरोबर तीन गोष्टी द्याव्यात : तेथून कोणत्या गडाची वाट उतरते, पहाटे पाचला चहा मिळतो का, आणि कापणीच्या दिवसांत वाटाड्या मिळण्यासाठी किती दिवस आधी सांगावे लागते. ही माहिती हॉटेलांच्या पत्रकांत मिळणार नाही. ती मिळवण्यासाठी आपल्या प्रतिनिधीला रतनवाडी, साम्रद, बारी आणि पाचनई या चार गावांत एकेक रात्र काढावी लागेल, आणि आपल्या वृत्तपत्राला तेवढे सहज शक्य आहे.

कळावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
ठाणे